पोटातलं व्हायब्रेशन

आमच्या वारंगा फाट्याला समुद्र नाही, खडखडणारी एसटी आहे. तिच्यात उभ्यानं नांदेड गाठलं तरी मला कधी मळमळलं नाही. गेटवेहून मांडव्याच्या लाँचमध्ये मात्र अर्ध्या तासात आडवा! मित्र म्हणाले, "मराठवाड्याचं पोट!" अहो, पोट नव्हे, फ्रिक्वेन्सी. एसटीची थरथर सेकंदाला कित्येकदा. तिनं हाडं दुखतात. पोट ढवळतं ते ०.२ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे ५ सेकंदांत एक संथ हेलकावा. वळणावळणाच्या रस्त्यावर गाडीही तशीच झुलते. आपल्या व्हायब्रेशनच्या पेपरात स्प्रिंग आहे, डँपर आहे, सीटवर बसलेला माणूस तेवढा नाही. त्यालाही आकृतीत काढा की! माझी आजी उलटीच्या धास्तीनं अजून पंढरपूरला गेलेली नाही.