नानांची गिटार आणि मधली भिंत

शिवाजी पेठेतील जुनी घरे ज्यांनी आतून पाहिली आहेत त्यांना सामाईक भिंत म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको. एका घरात मिरचीची फोडणी पडली की दुसऱ्या घरात शिंका सुरू होतात. अशाच एका घराच्या माडीवर आमचे थोरले चुलते राहतात. आम्ही त्यांना नाना म्हणतो. वय ७४. दिवसा गिरणीत नोकरी आणि रात्री ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार, असे त्यांचे तरुणपण गेले. काकूंना जाऊन दोन वर्षे झाली. तेव्हापासून दिवे लागले की गिटार मांडीवर आडवी घ्यायची आणि तास-दीड तास जुनी गाणी वाजवायची, एवढाच त्यांचा विरंगुळा.

गेल्या नोव्हेंबरात त्यांच्या शेजारच्या वहिनी आमच्याकडे आल्या. आम्ही चार लोकांत वावरतो, म्हणून आम्हाला भांडणे मिटवता येतात असा पुष्कळांचा गैरसमज आहे. वहिनी म्हणाल्या, ‘‘भाऊजी, नाना थोरलं माणूस, त्यांस्नी मी कसं सांगू? पण पोरगी बारावीला हाय. ती पुस्तक घिऊन बसली की भिंतीतनं नुसतं धाड धाड ऐकू येतंय.’’

आम्ही नानांच्या कानावर घातले. नाना काही बोलले नाहीत. गिटार गवसणीत घालून त्यांनी खाटेखाली सरकवली. ते चिडले असते तर आम्हाला बरे वाटले असते. पुढचे आठ दिवस संध्याकाळी ते नुसते खिडकीत बसून राहिले, आणि जेवणही निम्म्यावर आले. तेव्हा आमच्या जिवाला घोर लागला. ‘‘नाना, आवाज बारीक करून वाजवा की,’’ आम्ही म्हटले. त्यावर ते म्हणाले, ‘‘बारीक केला की ती गिटार ऱ्हात न्हाई रं. डब्यात माशी कोंडल्यागत वाजती.’’

आम्ही पडलो बी.कॉम. झालेले कारकून. आवाजाचे शास्त्र आमच्या सात पिढ्यांत कुणाला ठाऊक नाही. पण म्हाताऱ्याचे हे वाक्य डोक्यातून जाईना. मग पेठेतल्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या मित्राला गाठले, थोडे वाचले, थोडे करून पाहिले. त्यातून जे हाती आले ते आज सांगतो. पुष्कळ वाचकांच्या घरी बेंजो, की-बोर्ड, गिटार असते आणि शेजारही असतोच.

आधी या वाद्याविषयी दोन शब्द. सुरांच्या पट्ट्यांवर बोटे दाबण्याऐवजी तारांवरून पोलादी कांडी सरकवायची ही पद्धत हवाई बेटांतली. जोसेफ केकुकू या शाळकरी मुलाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती रूढ केली असे मानतात. आणि गंमत पाहा, बाजारात आलेली पहिली विजेची गिटार ही अशी मांडीवर आडवी घेऊन वाजवायचीच होती. अमेरिकेत १९३२ साली ती विक्रीला आली. आकार तव्यासारखा, म्हणून लोक तिला ‘फ्राइंग पॅन’ म्हणत. हवाई संगीत घेऊन जगभर फिरणारे टाऊ मो आपल्या कुटुंबासह १९४० च्या दशकात कलकत्त्यात राहिले, आणि बंगालात घरोघर ही गिटार शिकण्याची लाट आली. आपल्याकडे ती पोचली सिनेमातून आणि रेडिओवरून. बातम्यांच्या आधी दोन मिनिटे उरली की नुसत्या वाद्यावरचे गाणे लागायचे. त्यात व्हॅन शिपले असत, सुनील गांगुली असत. आपल्या पुण्याचे एकॉर्डियनवादक इनॉक डॅनियल्स यांच्या जोडीनेही शिपले यांच्या तबकड्या निघाल्या. नाना त्या ऐकून ऐकून शिकले. गुरू म्हणजे रेडिओ, फी म्हणजे सेलचे पैसे. ब्रिजभूषण काब्रा यांनी हेच वाद्य रागदारीत नेले, ते १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या तबकडीत ऐकायला मिळते. विश्वमोहन भट्ट यांना १९९४ साली ग्रॅमी मिळाले. हा सगळा पसारा या एका कांडीचा आहे.

आता मुद्द्यावर येऊ. नानांचे म्हणणे खरे निघाले. आवाज हळू झाला की आपल्या कानाला सर्व सूर सारख्या प्रमाणात कमी ऐकू येत नाहीत. खर्जाचा भाग सर्वांत आधी नाहीसा होतो, वरचा थोडा झिजतो, आणि मधला तेवढा उरतो. अमेरिकेतल्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली हे मोजून दाखवले. जुन्या टेपरेकॉर्डरवर ‘लाउडनेस’ नावाचे बटण असायचे ते याचसाठी. म्हणजे मोठ्या आवाजाला जुळवलेली बटणे तशीच ठेवून फक्त व्हॉल्यूम उतरवला तर गिटार पत्र्यासारखी वाजणारच.

आमच्या पुतण्याने उत्साहाने एक नवा छोटा अॅम्प्लिफायर आणला होता, स्पीकर जेमतेम तीन इंचाचा. तो नानांनी एकदा लावला आणि परत खोक्यात घातला. एवढ्याशा पडद्याला खालचे सूर हलवताच येत नाहीत. शिवाय लहान अॅम्प्लिफायर म्हणजे लहान आवाज हा हिशेबही फसवा आहे. कानाला आवाज निम्मा वाटायचा तर ताकद दहाव्या हिश्श्यावर आणावी लागते. ४० वॅटऐवजी २० वॅटचा घेतला तर फरक फक्त ३ डेसिबलचा. तेव्हा माळ्यावरचा जुना, बारा इंची स्पीकरचा लाकडी खोका खाली काढला. मित्राने त्यातले सुकलेले कपॅसिटर बदलले, खरखरणारे बटण साफ केले, आणि दोन पिनांचा प्लग काढून अर्थिंगचा तीन पिनांचा बसवला. त्याने गुणगुण पुष्कळ कमी झाली. (असला खोका घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही आत वीज साठलेली असते.) उरलेली गुणगुण ट्यूबलाइटची होती. नाना बसल्या जागी थोडे वळले आणि तीही गेली.

मग जागेचा विचार. इतके दिवस खोका नानांच्या पायाशी असे, तोंड पोटऱ्यांकडे. वरचे सूर सरळ रेषेत जातात. ते नानांच्या पोटऱ्यांना ऐकू येत होते, कानाला नाही. म्हणून नाना ट्रेबल वाढवायचे, मग व्हॉल्यूम. आता खोका खुर्चीवर, दोन हातांवर, तोंड थेट कानाकडे ठेवले. उघड्यावर अंतर निम्मे केले की आवाज ६ डेसिबलने वाढतो. खोलीत तितका वाढत नाही, पण कानाजवळ आणल्याचा लाभ नानांना मिळतो आणि भिंतीला मिळत नाही. शिवाय खोका सामाईक भिंतीपासून आणि कोपऱ्यातून हलवला, कारण कोपरा खर्ज फुगवतो.

इथे एक पेच आहे. कानासाठी खर्ज वाढवावा, तर भिंतीतून आरपार जातो तोही खर्जच. आम्ही बराच वेळ बटणाशी झटापट केली. शेवटी बास थोडासा, आणि त्याच्या वरचा भरीव भाग जरा जास्त, असे ठरले. या गिटारीची सर्वांत जाड तार काही ढोल नव्हे. अगदी खोलचा घुमारा वाढवून तिला काही मिळत नाही.

पायातल्या व्हॉल्यूम पेडलचा मुद्दा नानांनी स्वतःच काढला, तो आमच्या डोक्यात कधी आला नसता. तार छेडल्यावर सूर विरत जातो, तसतसे पेडल हळूहळू दाबत जायचे म्हणजे मींड लांबते. अॅम्प्लिफायर अगदी बारीक केला की नाना पहिल्यापासूनच पेडल पूर्ण दाबून बसत, मग पुढे दाबायला काही उरत नसे. आता पेडल अर्ध्यावर असताना खोलीपुरता आवाज येईल असे बटण लावले आहे. वरचा अर्धा भाग शेपटीसाठी. हात मात्र नेहमीच्या जोराने चालवायचा. भिऊन हळू छेडले की सूर मुळातच रोगट निघतो. वायर लांबलचक होती ती आखूड केली, कारण लांब वायर वरचे सूर खाते. आणि गुंजन, म्हणजे रिव्हर्ब, चिमूटभर दिला. गाद्या, कपडे, खाट अशा भरल्या खोलीत सूर लगेच शोषला जातो.

एवढे झाल्यावर आम्ही वहिनींच्या स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला कान लावून उभे राहिलो. पलीकडे नाना वाजवत होते. सूर अगदी अंधुक, लांबच्या रेडिओसारखा. पण धाड धाड होतेच! वहिनी आमच्याकडे पाहू लागल्या. आम्ही पोराला पिटाळून गिटार थांबवायला सांगितली, ती थांबली. धाड धाड एक क्षण जास्त चालले आणि मग थांबले.

जिना चढून वर गेलो तर उलगडा झाला. नाना डाव्या टाचेने ताल धरत होते. माडीची जमीन फळ्यांची, तुळया दोन्ही घरांतून गेलेल्या. इतके दिवस त्या पोरीच्या अभ्यासात गिटार आलीच नव्हती, आली होती ती टाच. ऑर्केस्ट्रातली पन्नास वर्षांची खोड, नानांना स्वतःला पत्ता नाही.

कायद्याने पाहिले तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीला दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण टाच कितव्या कलमात बसते ते वकीलसाहेबांनाच विचारावे लागेल.

काकूंनी शिवलेली एक जुनी वाकळ होती. तिची चौपदरी घडी नानांच्या पायाखाली घातली, आणि खोक्याच्या खुर्चीच्या चारी पायांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे बांधले. वेळ सात ते साडेआठ ठरली, कारण तेव्हा पोरगी क्लासला असते. फेब्रुवारीत परीक्षा सुरू झाली तेव्हा नानांनी आपण होऊन तीन आठवडे गिटार बंद ठेवली. शेवटचा पेपर झाला त्या दिवशी ती पोरगी जिना चढून वर आली आणि म्हणाली, ‘‘नाना, आता मोठ्यानं वाजवा.’’

नानांनी बटण होते तिथेच ठेवले. म्हणाले, ‘‘हितंच बेस लागतंय.’’