गर्दी म्हणजे आशीर्वाद नव्हे



माझ्यासारख्या अमेरिकेतल्या मराठी ख्रिस्ती माणसाला एक युक्तिवाद नेहमी ऐकावा लागतो: "एवढी माणसे येतात, म्हणजे देवाचा आशीर्वाद असणारच!" हा युक्तिवाद मला चुकीचा वाटतो, आणि घातकही.

सिॲटलच्या मार्स हिल चर्चचे उदाहरण घ्या. १९९६ मध्ये सुरू झालेली ही मंडळी पाच राज्यांत पसरली. दर रविवारी हजारो लोक उपासनेला येत. २००७ मध्ये, मोजक्या हातांत सत्ता देण्याला विरोध करणाऱ्या दोन ज्येष्ठांना कामावरून काढण्यात आले. भाविक वाढतच होते, मग विचारणार कोण? २०१४ मध्ये उघड झाले की मुख्य पाळक मार्क ड्रिस्कॉल यांचे पुस्तक न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत चढवण्यासाठी मंडळीने एका कंपनीशी दोन लाखांहून अधिक डॉलरचा करार केला होता. त्यांनी माफी मागितली, ऑक्टोबरमध्ये राजीनामा दिला, आणि २०१५ च्या आरंभी मंडळीच विसर्जित झाली.

मी संशोधक आहे. आमच्याकडेही निबंध किती वेळा उद्धृत झाला हे मोजतात. त्यावर बढती ठरू लागली की माणसे उद्धृत होण्यासाठीच लिहू लागतात. तरी प्रयोगशाळेत दुसरा कोणी तोच प्रयोग करून आपले पितळ उघडे पाडू शकतो. प्रार्थनेच्या बाबतीत तपासनीस आपला आपणच. तिथे टाळ्यांची चटक लागली की माणूस देवाशी बोलतानाही श्रोत्यांकडे डोळा ठेवतो. चारचौघांत दिसावे म्हणून प्रार्थना करणाऱ्यांना त्यांचे फळ मिळून चुकले, असे येशूने बजावले ते यासाठीच.

आपल्या पंडिता रमाबाईंकडे पाहा. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवले. त्या पुण्याईवर जन्मभर मानमरातब मिळाला असता. १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि स्वकीय दुरावले. पण इंग्लंडमधल्या धर्मगुरूंचीही मर्जी त्यांनी राखली नाही. न पटलेली शिकवण त्यांनी निमूट मानली नाही. १८९३ मध्ये शारदा सदनातून अनेक मुलींना पालकांनी काढून नेले. त्या वादात कोण बरोबर, यावर दुमत असू शकते. लोकमतासाठी त्यांनी श्रद्धा लपवली नाही, यावर नाही. पुढे केडगावला दुष्काळग्रस्त बायकामुलींना आसरा देत, मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणत त्या १९२२ पर्यंत राबल्या.

कोणी म्हणेल, लोकांपर्यंत पोचायला नको का? जरूर पोचावे. पण श्रोते निम्मे होतील असे सत्य सांगायची वेळ आली तर सांगणार का? योहानाच्या शुभवर्तमानात भाकरी खाऊन तृप्त झालेला जमाव येशूला राजा करायला निघाला, तेव्हा तो एकटाच डोंगरावर निघून गेला. नंतर कठीण बोल ऐकून पुष्कळ शिष्य सोडून गेले. त्याने एक शब्दही मागे घेतला नाही. उलट बाराजणांना विचारले, तुम्हीही जाणार का?

या देशातल्या अनेक व्यासपीठांवर आज स्थलांतरितांबद्दल, वंशभेदाबद्दल बोलणे टाळले जाते, कारण देणगीदार नाराज होतील. आपल्या भारतीय मंडळ्यांत जातीबद्दल हेच मौन असते. तेव्हा, ख्रिस्ती बंधुभगिनींनो, पुढच्या रविवारी पाळकांना उपस्थिती विचारू नका. विचारा, खरे बोलल्यामुळे शेवटचे कोण आणि कधी उठून गेले? आणि तोच प्रश्न घरी येऊन स्वतःलाही विचारा.