मेंदूचा नकाशा आणि एका बहिणीचे पत्र



मागे एका बहिणीचे चार पानी पत्र आले. तिच्या परवानगीने, नाव-गाव झाकून, त्यातला मजकूर इथे देत आहे. कारण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही.

बाई लिहितात : "माझे सासरे पंचावन्नाव्या वर्षी गेले. शेवटची दहा-बारा वर्षे त्यांचे हातपाय सारखे वळवळायचे, चालताना झोक जायचा. लोक म्हणायचे, सकाळीच चढवून आला. घरच्यांनी देवऋषी केले, उतारे टाकले. आता थोरल्या दिरांना तेच सुरू झाले. वय बेचाळीस. शहरातल्या डॉक्टरांनी रक्त तपासून हंटिंग्टनचा रोग सांगितला. नात्यातले एकजण म्हणतात, दरवर्षी मेंदूचा एम.आर.आय. काढा, रोग कुठवर आला ते समजेल. आमचे मालक त्यासाठी बैलजोडी विकायला निघालेत. मालकांना स्वतःला अजून काही त्रास नाही. त्यांचाही फोटो काढावा का? घरात लग्नाची मुलगी आहे."

ताई, पहिले सांगणे हे की बैलजोडी विकू नका. का, ते आता सविस्तर सांगतो.

हा रोग करणीचा नाही, दारूचा नाही, कुणाच्या पापाचाही नाही. अमेरिकेत लाँग आयलंड नावाच्या भागात जॉर्ज हंटिंग्टन नावाचा डॉक्टर होऊन गेला. त्याचे वडील आणि आजोबाही डॉक्टरच. लहानपणी वडिलांबरोबर घोडागाडीतून जाताना त्याने रस्त्यावर मायलेकी पाहिल्या. दोघी उंच, हडकुळ्या, आणि दोघींचेही अंग सारखे वाकडेतिकडे होत होते. ते चित्र त्याच्या मनातून गेले नाही. पुढे १८७२ साली, अवघ्या बाविसाव्या वर्षी, त्याने या रोगाचे वर्णन लिहिले. आजोबा, वडील आणि तो, अशा तीन पिढ्यांनी त्याच घराण्यांचे रोगी पाहिले होते, म्हणून हा रोग रक्तातून उतरतो हे त्याला ठामपणे सांगता आले.

दक्षिण अमेरिकेत व्हेनेझुएला देशात माराकायबो नावाचे मोठे सरोवर आहे. त्याच्या काठच्या कोळ्यांच्या वस्त्यांत हा रोग घरोघर आहे. तिथल्या अमेरिको नेग्रेते या डॉक्टरलाही आधी वाटले की ही माणसे दारू पिऊन झुलत आहेत. गावकऱ्यांनीच त्याला समजावले की हा आजार आहे. १९५५ साली त्याने ते छापून प्रसिद्ध केले. म्हणजे ताई, तुमच्या सासऱ्यांवर जो आळ आला, तोच आळ सात समुद्रांपलीकडच्या गरीब कोळ्यांवरही आला होता.

याच वस्त्यांत नॅन्सी वेक्सलर ही अमेरिकन बाई वर्षानुवर्षे गेली. तिच्या आईलाच हा रोग होता. तिने लोकांच्या वंशावळी लिहिल्या, रक्ताचे नमुने गोळा केले. त्यातून १९८३ साली रोगाचा माग लागला आणि १९९३ साली दोष नेमका कुठे आहे ते सापडले. २०२० साली त्या बाईंनी स्वतःलाही हा रोग असल्याचे जाहीर केले.

तो दोष असा. आपल्या शरीराचा कारभार ज्या लिखाणावर चालतो, त्यात एके ठिकाणी तीन अक्षरांचा एक शब्द पुन्हा पुन्हा येतो. निरोगी माणसात तो साधारण सव्वीस वेळा किंवा त्याहून कमी येतो. चाळीस किंवा त्याहून जास्त वेळा आला, तर पुरते आयुष्य मिळालेल्या माणसाला हा रोग होतोच. आई किंवा बापाला दोष असेल तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. मुलगा असो वा मुलगी, थोरला असो वा धाकटा. त्रास बहुधा तिशी ते पन्नाशीत सुरू होतो.

आता मेंदूच्या फोटोकडे वळू. मेंदूच्या आत खोलवर पेशींचे दोन पुंजके असतात. शरीराच्या हालचालींना लगाम घालण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. या रोगात सर्वांत आधी तेच सुकू लागतात. म्हणून लगाम सुटल्यासारखे हातपाय उधळतात. एम.आर.आय.मध्ये मोठ्या लोहचुंबकाच्या साहाय्याने मेंदूचे पातळ पातळ थर दिसतात. त्यात क्ष-किरण नसतात. मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या काढून ठेवाव्या लागतात. हृदयाला यंत्र बसवले असेल किंवा अंगात धातूचा तुकडा असेल तर आधी सांगावे लागते. आत धडधड आवाज होतो, पण दुखत नाही.

ओढ्याकाठी शेत असले की दर पावसाळ्यात थोडा थोडा बांध खचतो. रोज पाहणाऱ्याला ते जाणवत नाही. पण गेल्या सालची मोजणी आणि यंदाची मोजणी एकावर एक ठेवली की किती हात जमीन गेली ते लगेच दिसते. मेंदूचेही तसेच. २००८ साली लंडन, पॅरिस, हॉलंडमधील लायडेन आणि कॅनडातील व्हँकुव्हर या चार ठिकाणी 'ट्रॅक-एचडी' नावाचा अभ्यास सुरू झाला. त्याच्या प्रमुख होत्या डॉ. सारा ताब्रिझी. एकूण ३६६ माणसे घेतली : १२३ निरोगी, १२० ज्यांच्यात दोष आहे पण त्रास नाही, आणि १२३ ज्यांना नुकता त्रास सुरू झाला. तीन वर्षे दरवर्षी त्यांच्या मेंदूची मोजणी केली. असे दिसले की ज्यांना बाहेरून काहीच होत नव्हते, त्यांच्याही मेंदूचा तो भाग एका वर्षात मोजण्याइतका कमी झाला होता. बांध आधीच खचत होता, पाणी शेतात नंतर शिरले.

२०२२ साली डॉक्टरांनी यावरून रोगाच्या पायऱ्याच ठरवल्या. नुसता दोष आहे ती शून्याची पायरी. फोटोत ते पुंजके लहान दिसले ती पहिली. अंगावर लक्षणे आली ती दुसरी. रोजची कामे अडू लागली ती तिसरी.

या मोजणीचा उपयोग कोणाला? मुख्यतः औषध शोधणाऱ्यांना. हळू चालणाऱ्या रोगावर औषध लागू पडते का, हे नुसते डोळ्यांनी पाहायचे तर फार वर्षे थांबावे लागेल. हातात माप असले की लवकर अंदाज येतो. २०२५ च्या सप्टेंबरात एका कंपनीने जाहीर केले की एम.आर.आय.च्या मदतीने त्याच दोन पुंजक्यांत थेट औषध सोडल्यावर तीन वर्षांत रोगाची चाल बरीच मंदावली. पण पूर्ण मात्रा मिळून तीन वर्षे झालेली माणसे अवघी १२ होती. आशा ठेवावी, पण एवढ्यावर घर विकू नये.

म्हणून ताई, तुमच्या दिरांचा फोटो सुरुवातीला एकदा काढला असेल तर ते योग्यच झाले. असा त्रास दुसऱ्या आजारांतही होतो. त्यातला शरीरात तांबे साठण्याचा विल्सनचा रोग तर औषधाने आटोक्यात येतो. पण निदान झाल्यावर दरवर्षी फोटो काढून उपचारात काही बदल होत नाही. तो पैसा त्यांच्या ताटात घाला. या रोगात वजन झपाट्याने उतरते. त्यांना दूध-तूप, मऊ आणि घट्टसर अन्न द्या, ताठ बसवून सावकाश भरवा, कारण घास अडकण्याची भीती असते. हालचाल कमी करणाऱ्या गोळ्या मिळतात, त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने द्या. ट्रॅक्टर, कडबाकुट्टी, विहिरीचा काठ आणि विजेचा पंप यांपासून त्यांना लांब ठेवा. मन खचले, चिडचीड वाढली, जीव नकोसा झाल्याची भाषा निघाली, तर एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. त्यावरही औषध आहे.

तुमच्या मालकांचे काय? फोटो चांगला आला म्हणून दोष नाही असे होत नाही. ते फक्त रक्त सांगते. बंगळूरच्या निमहान्ससारख्या संस्थेत आधी समजावून सांगून मग ही तपासणी करतात. ती करायची की नाही, हे मालकांनी स्वतः ठरवायचे. पुष्कळ समजूतदार माणसे जाणून घ्यायचे नाही असे ठरवतात, आणि तेही बरोबरच आहे.

मुलीचा हिशोब ढोबळमानाने असा : बापाला दोष असण्याची शक्यता निम्मी, म्हणून मुलीला पाव. बापाला नसेल तर मुलीलाही नाही. ती सज्ञान असेल तर निर्णय तिचा. अठरा वर्षांच्या आत तपासू नये. तिच्यात दोष निघाला तर बापाचेही आपोआप उघड होते, म्हणून बापलेकीने आधी एकत्र बसून बोलावे. जिथे सोयरीक जमेल तिथे, मुलीला विचारून, खरे ते सांगावे. लपवून केलेले लग्न पुढे दोन घरे पोळते.

एक काम मात्र फुकटात होण्यासारखे आहे. गावात जिथे सासऱ्यांचे नाव निघेल, तिथे सांगा की तो माणूस पीत नव्हता, आजारी होता. तुमच्या दिरांना उरलेली वर्षे मान वर करून काढायची आहेत.