कटर घ्या, पण तासांचा हिशेब मांडून



धुऱ्यावरची बाभूळ, हिवर आणि कडुनिंब ही कोरडवाहू शेतकऱ्याची ठेव आहे. कापूस बुडाला, ज्वारी वाळली, तरी ही झाडे जळण देतात, वखराला आणि बैलगाडीला लाकूड देतात, अडीनडीला दोन पैसे देतात. परंतु कुऱ्हाड आणि करवत चालवणारे हात आता गावात उरले नाहीत. म्हणून पेट्रोलची साखळी-करवत, ज्याला आपण कटर म्हणतो, गावोगाव आली. दुकानात ती दोन प्रकारची मिळते: एक घरगुती आणि दुसरी धंद्याची. कोणती घ्यावी, हा प्रश्न दुकानदाराच्या तोंडाकडे पाहून सोडवायचा नाही. तो हिशेबाचा प्रश्न आहे.

दोहोंतला फरक रंगात नाही, बांधणीत आहे. घरगुती मशीन बहुधा प्लास्टिकच्या अंगाची, वजनाला हलकी, थोडा वेळ चालवून बाजूला ठेवण्यासाठी केलेली असते. धंद्याच्या मशीनची क्रँककेस मॅग्नेशियमची, हवेची जाळी मोठी आणि हादरे झेलणारी व्यवस्था चांगली असते. दिवसभर चालेल अशीच ती बांधतात आणि तिचा एकेक भाग खोलून बदलता येतो. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने हातात धरायच्या इंजिनांचे ५०, १२५ आणि ३०० तास असे तीन वर्ग केले आहेत. तेवढे तास धूर मर्यादेत राहील, याची जबाबदारी कंपनीवर असते. हे इंजिनाचे आयुष्य नव्हे. पण कंपनीने मशीन कोणत्या गिऱ्हाइकासाठी बांधली, ते त्यावरून कळते.

आणखी एक फसगत टाळा. अंगावर ‘५८ सीसी’ असे ठळक रंगवलेली आणि २२ इंची पट्टी लावलेली स्वस्त मशीन सर्रास मिळते. सीसी हे सिलिंडरचे माप आहे, बांधणीची हमी नव्हे. कठीण लाकडात लांब पट्टी इंजिनाला जड जाते. १६ ते १८ इंची पट्टीने दोन्ही बाजूंनी कापून जाड बुंधाही उतरतो.

आता हिशेब. समजा, घरगुती मशीन १०,००० रुपयांची असून बाभळीच्या लाकडात १०० तास टिकते. धंद्याची ५०,००० रुपयांची असून १,००० तास टिकते. हे आकडे केवळ रीत दाखवण्यासाठी आहेत. खरे आकडे मशीन वापरणाऱ्यांना विचारून घाला. ज्याचे वर्षाचे काम १० तासांचे, त्याची घरगुती मशीन दहा वर्षांत १०० तास चालेल. तासाला १०० रुपये पडले. त्यानेच धंद्याची घेतली तर त्याच दहा वर्षांत तासाला ५०० रुपये पडतील. म्हणजे एकट्यासाठी महाग मशीन हा निव्वळ तोटा. पण असे दहा शेतकरी एकत्र आले तर वर्षाचे १०० तास होतात. दरसाल नवी घरगुती मशीन घेऊन दहा वर्षांत एक लाख जातील. धंद्याची एकच मशीन ५०,००० मध्ये तेच काम करील.

आमचे मत स्पष्ट आहे. फांद्या छाटायच्या असतील तर घरगुती मशीन पुरे. वाळलेल्या बाभळीचे बुंधे कापायचे असतील, तर दहा जणांनी मिळून धंद्याची घ्यावी आणि ती एकाच शिकलेल्या हाताने चालवावी. भाड्याने कामे घेणाऱ्या तरुणाने तर घरगुतीच्या वाटेला जाऊच नये. पैसे देण्यापूर्वी एवढेच विचारा: साखळी, पट्टी आणि कार्ब्युरेटरचे भाग तालुक्याला मिळतात का? मिळत नसतील तर मशीन कितीही स्वस्त असली तरी महागच.

मशीन कोणतीही असो, लाकूड कापते ती साखळी. कापताना खपल्या उडाल्या तर साखळी धारदार, पीठ पडू लागले तर बोथट. पेट्रोल भरताना दर खेपेला गोल कानस फिरवा. सालीतली माती आणि बुंध्यात रुतलेले कुंपणाचे खिळे धार घालवतात. म्हणून आधी साल झाडा, खिळे पाहा. जमेल तेव्हा बाभूळ ओली असतानाच कापा. वाळली की ती दगड होते. पेट्रोलमध्ये तेल पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणातच घाला. हल्लीच्या पेट्रोलमधले इथेनॉल पाणी ओढते, तेव्हा हंगाम संपला की टाकी रिकामी करा.

जिवाची किंमत हिशेबात बसत नाही. साखळीला ब्रेक नसलेली मशीन फुकट मिळाली तरी घेऊ नका. पट्टीचे वरचे टोक लाकडाला लागले की मशीन उसळून तोंडावर येते. धोतर, उपरणे, पदर मशीनजवळ नको. बूट, चष्मा आणि टोप हवाच. झाडावर चढून मशीन चालवू नका आणि एकट्याने झाड पाडू नका.

साग, मोह, चिंच, आंबा, खैर ही झाडे आपल्याच रानात वाढली तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याने परवानगीवाचून तोडता येत नाहीत. हा कायदा आम्हाला पटो न पटो, दंड मात्र शेतकऱ्याच्याच खिशातून जातो. आधी लेखी परवानगी घ्या.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणावा. कोणाच्या धुऱ्यावर किती झाडे आहेत आणि वर्षाला किती तासांचे काम आहे, एवढेच त्यावर लिहावे. त्या बेरजेवरून गावाने किती मशीन घ्याव्यात आणि कोणत्या, ते आपोआप ठरेल.