‘फक्त मराठी कुटुंबालाच’ लिहिण्याआधी

बडोद्यातल्या आपल्या मराठी मंडळींशी आज थोडं स्पष्ट बोलायचंय. घर भाड्याने देताना आपण लिहितो ना, ‘फक्त मराठी कुटुंबालाच, एकटी मुलं-मुली नकोत’, त्यात जास्त नुकसान आपलंच आहे, असं माझं मत आहे.

दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या आपल्या जुन्या घरांची स्थिती सगळ्यांना माहीत आहे. मुलं पुण्याला, बंगळूरला नाहीतर कॅनडात. खाली एकट्या आजी किंवा आजोबा, वरचा मजला बंद. आणि शहरात रोज नवी मुलं येतायत, कोणी युनिव्हर्सिटीत शिकायला, कोणी मकरपुऱ्याला नोकरीला. त्यांना खोली मिळत नाही आणि आपल्या म्हाताऱ्या माणसांना दिवसभर बोलायला कोणी मिळत नाही.

आमच्या शेजारच्या काकू ७८ वर्षांच्या. दोन वर्षांपूर्वी त्यांनी वरची खोली फाइन आर्ट्सला शिकणाऱ्या आसामच्या मुलीला दिली, तेव्हा गल्लीत कुजबुज झालीच. “काकू, ती मासे खाणार हं!” काकू म्हणाल्या, “खाऊ दे की. माझ्या ताटात थोडीच वाढणारे?” अट एकच, मासे वरच्या गॅसवर आणि खिडकी उघडी. तेवढ्यावर मिटलं.

आता ती काकूंना ‘आइता’ म्हणते, म्हणजे आजी. दर रविवारी त्यांच्या आठवड्याच्या गोळ्या डबीत लावून देते. ती उशिरा येणार असली की ओट्यावरचा दिवा चालू असतो आणि वरणभात झाकून ठेवलेला असतो. दोघी भांडतातसुद्धा, काकूंच्या सिरियलच्या आवाजावरून. जानेवारीत तिने माघ बिहूचा तीळपिठा केला, तांदळाच्या पिठाच्या सुरळीत तीळ आणि गूळ. काकूंनी घास घेतला आणि म्हणाल्या, “अगं, ही तर आपली संक्रांत!” मागच्या पावसाळ्यात काकू न्हाणीत घसरल्या, तेव्हा हाक ऐकून धावली ती हीच. पुण्याहून मुलगा पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. त्यात मुलाचा दोष नाही. अंतराचा आहे.

यात कोणी कोणावर उपकार केलेले नाहीत. दोघींनाही घरात माणूस हवं होतं, ते मिळालं.

आपल्याच शहराचा इतिहास आठवा. आपण तरी कुठले मूळचे? सयाजीराव महाराज नाशिककडच्या कवळाण्याचे, १८७५ मध्ये दत्तक येऊन बडोदेकर झाले. १८९३ मध्ये अरविंद घोष इथे नोकरीला आले तेव्हा वीस वर्षांचे होते. इंग्लंडमध्ये वाढलेले, त्यामुळे स्वतःची बंगालीही नीट येत नव्हती. पुढे बरीच वर्षं ते दांडिया बाजारात खासेराव जाधवांच्या घरी राहिले, इथे मराठीही शिकले. ते घर आज शहर अभिमानाने दाखवतं.

पण याच शहरात १९१७ मध्ये डॉ. आंबेडकर संस्थानच्या नोकरीसाठी आले, तेव्हा जातीमुळे त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी सराईत नाव लपवून राहावं लागलं, तिथूनही हाकलले गेले. ओळखीच्या दोघांनीही घरी ठेवून घ्यायचं टाळलं. गाडीच्या वेळेपर्यंत ते कमाटी बागेत बसून राहिले. एवढा मोठा माणूस या शहराने घालवला, तो बंद दारांमुळे.

आपण जाहिरातीत ‘फक्त’ लिहितो, तेव्हा यातलं कोणतं बडोदं पुढे चालवतो, याचा विचार करा.

काळजी असते, मान्य आहे. म्हातारं माणूस एकटं असतं. मग भाडेकरार करा, पोलिसांत नोंद करा, मुलाच्या किंवा मुलीच्या आईवडिलांशी फोनवर बोला, घराचे नियम आधीच सांगा. मराठी भाडेकरू असला तरी हे करायलाच हवं. आडनाव ओळखीचं असलं म्हणजे माणूस ओळखीचं होतं असं थोडंच आहे?

मराठी टिकवायची म्हणूनही हे सांगतोय. काकूंच्या कॅनडातल्या नातवाला मराठी समजतं, पण बोलता येत नाही. आसामची ही मुलगी मात्र भाजीवाल्याशी गुजरातीत घासाघीस करते आणि घरी येऊन काकूंना त्याचा हिशेब मराठीत देते.

वरची खोली बंद असेल, तर या जूनमध्ये कॉलेजं सुरू व्हायच्या आधी झाडून ठेवा. आणि पाटी लावताना ‘फक्त’ हा शब्द तेवढा गाळा.