ती होडी क्रॉप करू नका

टांझानियातलं सादानी नॅशनल पार्क म्हणजे सवानाचा गवताळ माळ थेट हिंदी महासागराला भिडतो ती जागा. वाळूवर हत्ती, मागे निळं पाणी, असा एक फोटो मिळावा म्हणून लोक तिथे जातात. वर कॅप्शन टाकतात : ‘माणसाचा स्पर्श न झालेला निसर्ग’.

हे साफ खोटं आहे. सादानी आधी गाव आहे, मग पार्क. १९व्या शतकात ते व्यापारी बंदर होतं. आजही गावकरी मासेमारीवर जगतात. उत्तरेकडचा म्क्वाजा भाग तर गुरांचा मोठा रँच होता. नॅशनल पार्कचा दर्जा आला २००५ साली. त्याच किनाऱ्यावरच्या उविंजेच्या गावकऱ्यांना मात्र आपल्या जमिनीसाठी वर्षानुवर्षं पार्कशी झगडावं लागलं.

प्राणी वाचायलाच हवेत, त्याबद्दल वाद नाही. पण पार्कच्या आधीपासून तिथे राहणाऱ्यांनाच घुसखोर ठरवायचं, याला संवर्धन कसं म्हणायचं?

सादानीला जरूर जा. फक्त तुमच्या फोटोत एखाद्या मच्छीमाराची होडी आली, तर ती क्रॉप करू नका. तो किनारा तिचाही आहे.