शेवटच्या सकाळची बुडी

मोहन्याहून अंदमानला निघणाऱ्या मंडळींचे बेत पाहावेत! चिवड्याचे डबे मोजून झाले. आणि स्वराज द्वीपाजवळची समुद्रतळाची बुडी ठेवली शेवटच्या सकाळी, कारण दुपारी विमान! वा रे काटकसर! अहो, खोल पाण्यात श्वास घेताना हवेतला नायट्रोजन रक्तात मुरतो. तसेच आकाशात चढलात, तर बूच काढलेल्या सोड्यासारखे त्याचे बुडबुडे अंगात उठतात. सांधे ठणकतात, प्रसंगी पक्षाघातही होतो. म्हणून एका बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर १८ तास विमान वर्ज्य मानतात. सहल विकणाऱ्याच्या वेळापत्रकात हे तास कोरे दिसतात, आणि कोरी जागा त्याला सोसत नाही! तेव्हा बुडी आधी उरका. सेल्युलर तुरुंगातल्या सावरकरांच्या कोठडीपुढे हात जोडायला शेवटचा दिवस राखा.